पेटीचा दर चेकआउटवर येत नाही: वूकॉमर्सचं साधं मॉड्यूल आणि दर हंगामाला उगवणारे तेच घोळ

वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्लगइनवर, हापूसच्या पेट्या विकणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. पेटीमागे वाहतूक दर लावणारं मॉड्यूल, म्हणजे स्वतः लिहिलेलं छोटं प्लगइन, चालू आहे, प्लगइनच्या यादीत दिसतंय, पण गिऱ्हाइकाने पिनकोड टाकला की पेटीचा वाहतूक दर उमटत नाही. कधी उमटतो, पण गेल्या आठवड्यातला. कधी दादरला बरोबर आणि डोंबिवलीला गायब. मार्चअखेर पहिल्या पेट्या भरायला लागल्या की हे सुरू होतं, कोणीतरी कुठेतरी काहीतरी बदलतं, दर दिसायला लागतो, आणि पुढच्या मार्चला पुन्हा तेच.

यात गणित चुकलेलं असणं दुर्मीळ. पेट्या मोजायच्या आणि दराने गुणायच्या, यात चुकणार काय? घोळ असतो तो गणिताच्या बाहेर: मॉड्यूल झोनला (एकच वाहतूक दर लागणाऱ्या पत्त्यांच्या गटाला) जोडलेलंच नसतं, पिनकोड भलत्या झोनमध्ये पडतो, किंवा वूकॉमर्स आधी काढून ठेवलेला दरच परत दाखवतं. म्हणून फाइल उघडण्याआधी झोन बघा, मग साठवलेला दर बघा. कोड सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि चांगला चाललेला कोड बिघडवून ठेवतात.

एक खुलासा आधीच: इथे फाइलींची, फंक्शनांची आणि हुकांची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत लिहायची, आणि हुकांची नावं छोट्या अक्षरांत, मधे अंडरस्कोअर देऊन. आकड्यांचंही तसंच. का, ते पुढे येईलच.

मॉड्यूल किमान केवढं हवं

समजा माल दोन प्रकारचा आहे. एक ताजा हापूस, ज्याला पेटीमागे दर लावायचा. दुसरा कोकम आगळ, आमसुलं, काजूगर, आंबापोळी असा टिकाऊ माल, ज्याला साधा कुरिअरचा दर चालतो. मॉड्यूलने फक्त पहिल्याचा दर काढायचा. दुसऱ्यासाठी वूकॉमर्सचा आयता फ्लॅट रेट आहे, तो पुन्हा लिहीत बसू नका.

डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या प्लगइन्स फोल्डरात ‘पेटी-वाहतूक’ नावाचा फोल्डर आणि त्यात त्याच नावाची एकच पीएचपी फाइल, एवढं पुरतं. फाइलच्या डोक्यावरच्या टिपणीत ‘प्लगइन नेम’ ही ओळ हवीच. तिच्याशिवाय वर्डप्रेस त्या फाइलला प्लगइन मानत नाही. वर्डप्रेस ६.५ (एप्रिल २०२४) पासून ‘रिक्वायर्स प्लगइन्स’ अशीही ओळ देता येते. तिथे वूकॉमर्सचं नाव टाकलं की वूकॉमर्स बंद असताना हे मॉड्यूल कोणी चालू करू शकत नाही. ती ओळ टाकाच.

त्याखाली दोन हुक, म्हणजे वर्डप्रेस ठरावीक वेळी तुमचा कोड बोलावतं त्या जागा. पहिला ‘वूकॉमर्स_शिपिंग_इनिट’, ज्याच्या आत तुमचा क्लास लिहायचा. दुसरा ‘वूकॉमर्स_शिपिंग_मेथड्स’ हा फिल्टर, ज्यात ‘ही पद्धत आणि हा तिचा क्लास’ अशी जोडी वूकॉमर्सला सांगायची. क्लास ‘डब्ल्यूसी_शिपिंग_मेथड’वरून वाढवलेला असतो आणि त्यात दोन फंक्शनं लागतात: कन्स्ट्रक्टर आणि ‘कॅल्क्युलेट_शिपिंग’.

कन्स्ट्रक्टरमध्ये चार गोष्टी विसरल्या जातात. आयडी: हा फिल्टरमधल्या जोडीच्या डाव्या बाजूशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. एकीकडे हायफन आणि दुसरीकडे अंडरस्कोअर, एवढ्यावर तास जातो. इन्स्टन्स आयडी, म्हणजे झोनमध्ये जोडलेल्या पद्धतीचा क्रमांक: कन्स्ट्रक्टरला हा आकडा बाहेरून मिळतो, तो घेऊन ठेवावा लागतो, न घेतल्यास मुंबईच्या झोनचा दर आणि पुण्याच्या झोनचा दर वेगळे राहत नाहीत. सपोर्ट्स: यात ‘शिपिंग-झोन्स’ आणि ‘इन्स्टन्स-सेटिंग्ज’ हे दोन शब्द हवेत. पहिला नसेल तर झोनमध्ये पद्धत जोडताना तुमचं नावच यादीत येत नाही. आणि चौथी, दराची खिडकी ‘इन्स्टन्स_फॉर्म_फील्ड्स’मध्ये द्यायची, नुसत्या ‘फॉर्म_फील्ड्स’मध्ये नाही. नाहीतर झोनमध्ये पद्धत जोडता येते, पण तिच्यावर टिचकी मारली की आत दर भरायला जागाच नसते.

‘कॅल्क्युलेट_शिपिंग’ला पॅकेज मिळतं, म्हणजे टोपलीतला माल आणि तो जायचा पत्ता. पॅकेजच्या ‘कंटेंट्स’वरून फिरायचं, प्रत्येक वस्तूचा शिपिंग क्लास (वूकॉमर्समध्ये वस्तूला लावलेला वाहतुकीचा गट, वरचा पीएचपीचा क्लास नव्हे) विचारायचा, तो पेटीचा असेल तर नग मोजायचे, नगांना दराने गुणायचं आणि ‘अॅड_रेट’ला नाव व रक्कम द्यायची. पेटी एकही नसेल तर ‘अॅड_रेट’ बोलवायचंच नाही. शून्य दर देऊन मोकळं होऊ नका. शून्याचा अर्थ गिऱ्हाईक ‘मोफत’ असा घेतं, आणि घेणारच.

वजनावर दर लावायचा मोह आवरा. पाच डझनाच्या पेटीचं वजन फळाच्या आकाराप्रमाणे दोन-तीन किलोंनी सहज इकडेतिकडे होतं. शिवाय अर्ध्या मालाला वजनाची खिडकी रिकामी सोडलेली असते. रिकामं वजन म्हणजे पीएचपीच्या लेखी शून्य नव्हे, रिकामी अक्षरमाळ. पीएचपी ८वर तिचा गुणाकार केला की चेकआउट चूक दाखवून थांबतं. वजन वापरायचंच असेल तर आधी ते संख्येत बदलून घ्या.

फाइल चढवली आणि साइट पांढरी पडली

सर्वांत जास्त दिसणारी चूक: ‘डब्ल्यूसी_शिपिंग_मेथड हा क्लास सापडला नाही’. कारण, तुमचा क्लास हुकाच्या आत नाही, फाइलमध्ये उघड्यावर आहे. वर्डप्रेस प्लगइन्स साधारण फोल्डरच्या नावांच्या रोमन वर्णक्रमाने उचलतं. ‘पी’पासून सुरू होणारं तुमचं मॉड्यूल ‘डब्ल्यू’वाल्या वूकॉमर्सच्या आधी उचललं जातं, आणि त्या वेळी तो मूळ क्लास जन्मालाच आलेला नसतो. गंमत म्हणजे फोल्डरचं नाव ‘झेड’पासून सुरू केलं तर हाच चुकीचा कोड चालतोही. तसं करून प्रश्न सुटला असं समजू नका. क्लास हुकात घाला.

दुसरी: झिप चढवताना ‘वैध प्लगइन सापडलं नाही’. झिपमध्ये फोल्डरच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर आहे. वर्डप्रेस प्लगइन्स फोल्डरात एकच पायरी खाली उतरून शोधतं, दोन नाही.

तिसरी: वाक्यरचनेची चूक, आणि ओळ तर डोळ्यांना अगदी बरोबर दिसते. कोड व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून आलाय का बघा. तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. पीएचपीला सरळच लागतात. फाइल यूटीएफ-८मध्ये, बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय) साठवा. बीओएम असेल तर ‘हेडर आधीच पाठवले गेले’ अशा तक्रारी सुरू होतात आणि त्याचा माग काढणं वैताग असतो. शेवटचा बंद करणारा पीएचपी टॅग देऊच नका, तोही त्याच कुळातला.

चौथी खास आपल्याकडची. एफटीपीने फाइल चढतेय आणि मधेच लाइट गेली किंवा रेंज गेली. सर्व्हरवर अर्धी फाइल राहते, तिचा शेवटचा कंस नसतो, आणि अख्खी साइट बसते. चालत्या साइटवर एकेक फाइल चढवू नका. झिप करून वर्डप्रेसच्या ‘प्लगइन अपलोड करा’मधून द्या, झिप अर्धवट आली तर ती उलगडतच नाही, जुनं मॉड्यूल जागेवर राहतं. साइट बसलीच, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून मॉड्यूलच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला फोल्डर सापडला नाही की ते मॉड्यूल बंद करतं आणि साइट उभी राहते. प्रशासकाच्या ईमेलवर रिकव्हरी मोडचा दुवाही येतो, पण ते ईमेल कोणाच्या पेटीत पडतं हे आधी ठाऊक असायला हवं.

नेमकी चूक वाचायची असेल तर वूकॉमर्स, स्टेटस, लॉग्ज इथे जा आणि ‘फेटल-एरर्स’ नावाचा लॉग उघडा. फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक दोन्ही तिथे असतात.

सगळं चालू, पण दर नाही: झोन

मॉड्यूल चालू करणं आणि ते झोनला जोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वूकॉमर्स, सेटिंग्ज, शिपिंग, मग प्रत्येक झोन उघडून ‘पद्धत जोडा’. तीन झोन असतील तर तीनदा. ‘दर येत नाही’ म्हणणाऱ्यांना हेच पहिलं विचारा.

त्यानंतर पिनकोड. वूकॉमर्स झोनांची यादी वरून खाली वाचतं आणि जो पहिला जुळेल त्यावर थांबतं. खालचे कितीही नेमके असोत, त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून बारीक झोन वर, ढोबळ खाली. ‘महाराष्ट्र’ असा सरसकट झोन सर्वांत वर असेल तर त्याखालचे सगळे झोन शोभेचे.

पिनकोडच्या खिडकीत एका ओळीवर एक नोंद द्यायची. मागे तारा देऊन पट्टा देता येतो, किंवा मधे तीन टिंबं देऊन ‘इथून तिथपर्यंत’ सांगता येतं. आणि इथेच कोकणाची गाडी घसरते, कारण टपाल खात्याचे पट्टे जिल्ह्यांच्या हद्दीवरून आखलेले नाहीत.

रत्नागिरी ४१५६१२, चिपळूण ४१५६०५, म्हणून कोणीतरी ‘४१५*’ टाकतं. त्यात सातारा ४१५००१ आणि कराड ४१५११० अलगद येऊन बसतात. घाटावरच्या पार्सलला गावातल्या गाडीचा दर लागतो आणि फरक विकणाऱ्याच्या खिशातून जातो. उलट लांजा ४१६७०१ आणि राजापूर ४१६७०२ हे रत्नागिरी जिल्ह्यात असून ४१६मध्ये, म्हणून ते या झोनमध्ये येतच नाहीत. मंडणगड ४१५२०३, तो ‘४१५६*’ किंवा ‘४१५७*’ कशातच बसत नाही.

सिंधुदुर्गात याहून वाईट. ‘४१६*’ म्हटलं की कोल्हापूर शहरच आत येतं. ‘४१६५*’पर्यंत आवळलं तरी सावंतवाडी ४१६५१०, वेंगुर्ले ४१६५१६, कुडाळ ४१६५२० यांच्या पंगतीत गडहिंग्लज ४१६५०२ आणि आजरा ४१६५०५ बसलेले असतात. म्हणून ४१६५चे पिन एकेक लिहा, पट्टा नको. बाकीच्यासाठी ४१५६*, ४१५७*, ४१५८*, ४१६६*, ४१६७*, ४१६८* आणि सुटा ४१५२०३ अशी सुरुवात करा. कणकवली ४१६६०२, मालवण ४१६६०६, देवगड ४१६६१३ आणि वैभववाडी ४१६८१० त्यात येतात. ही यादी तुमचा माल नेणाऱ्याच्या यादीशी एकदा ताडून बघा. गाडी कुठवर जाते ते त्यालाच ठाऊक.

मुंबईचा झोन ‘४००*’ इतकाच ठेवणं ही तर सार्वत्रिक चूक. ठाणे आणि वाशी त्यात येतात. पण डोंबिवली ४२१२०१, कल्याण ४२१३०१, विरार ४०१३०३ आणि पनवेल ४१०२०६ येत नाहीत. म्हणजे निम्मे चाकरमानी बाहेर. ‘४१०*’ टाकून पनवेल आत घ्यायला जाल तर लोणावळा ४१०४०१ आणि चाकण ४१०५०१ही मुंबईच्या दरात येतील. ‘४१०२*’ पुरे. पुण्याला ‘४११*’मध्ये पिंपरी-चिंचवड येतं, वाघोली ४१२२०७ वेगळी लिहावी लागते.

आणखी एक. पेटी जिथे पाठवायचीच नाही, त्या झोनमध्ये मॉड्यूल न जोडणं पुरेसं नाही. त्याच झोनमध्ये फ्लॅट रेट असेल तर गिऱ्हाईक तो निवडून गुवाहाटीला पाच पेट्या मागवू शकतं, आणि वूकॉमर्स खुशाल घेऊ देतं. ‘वूकॉमर्स_पॅकेज_रेट्स’ या फिल्टरमध्ये, पॅकेजात पेटी असेल तर तुमच्या पद्धतीखेरीज बाकीचे दर काढून टाका. मग पेटी न जाणाऱ्या ठिकाणी ‘वाहतुकीचा पर्याय नाही’ असा संदेश येईल. तो यायलाच हवा. अशा वेळी आंबा आणि आगळ एकाच टोपलीत असतील तर दोन्ही अडतात, तेव्हा वस्तूच्या पानावर ‘ताजा आंबा कुठे जातो’ हे स्पष्ट लिहून ठेवा. मुंबई-पुण्याच्या झोनमध्ये मात्र मिश्र टोपलीत आगळीचा खर्च पेटीच्या दरात धरायचा की वर वेगळा लावायचा, हे आधीच ठरवून गणितात लिहा.

दर शून्य येतो: देवनागरीचा फटका

शिपिंग क्लासचं नाव ‘पेटी’ ठेवलं आणि स्लगची (कोडमध्ये वापरायच्या आतल्या नावाची) खिडकी रिकामी सोडली, तर वर्डप्रेस स्वतः स्लग बनवतं. देवनागरीचा स्लग म्हणजे टक्केचिन्हं आणि आकडे-अक्षरं यांची लांबलचक माळ. कोडमध्ये तुम्ही क्लासची तुलना ‘पेटी’ या शब्दाशी केलेली असते. ती कधीच जुळत नाही, पेट्या शून्य मोजल्या जातात आणि दर येत नाही. चूक कुठेही नोंदली जात नाही, कारण चूक झालेलीच नसते. नाव मराठीतच ठेवा, स्लग मात्र रोमन छोट्या अक्षरांत हाताने लिहा आणि कोडमध्ये तोच वापरा. नाव बदललं तरी स्लग बदलत नाही, हा वरचा फायदा.

दराच्या खिडकीतही तसंच. दुकानावरच्या फोनला मराठी कीबोर्ड लावलेला असतो आणि १५० हा आकडा देवनागरीत जातो. खिडकी साध्या मजकुराची असेल तर तो जसाच्या तसा साठतो, दिसायलाही छान दिसतो, पण संख्येत बदलताना पीएचपी त्याचं मोल शून्य करतं. दर वापरण्याआधी दहा देवनागरी आकड्यांच्या जागी दहा रोमन आकडे घालणारी एक ओळ मॉड्यूलमध्ये टाका. पीएचपीचं ‘एसटीआरटीआर’ हे फंक्शन त्यासाठीच आहे. गिऱ्हाइकाने पिनकोड देवनागरीत दिला तरी झोन जुळत नाही. वूकॉमर्सची पिनकोड तपासणी तो पुढे अडवतेच, पण का अडवला ते गिऱ्हाइकाला समजत नाही. पत्त्याच्या खिडकीजवळ ‘पिनकोड इंग्रजी आकड्यांत’ एवढं लिहा.

दर बदलला, पण जुनाच दिसतो

हा घोळ खरा चिवट आणि याच्यामुळेच लोक कोडमागे लागतात.

वूकॉमर्स वाहतुकीचा दर दर वेळी काढत नाही. पॅकेजचा एक ठसा घेतं, म्हणजे माल, नग, पत्ता या सगळ्याचा मिळून एक सांकेतिक आकडा, आणि काढलेला दर गिऱ्हाइकाच्या सेशनमध्ये (त्याच्या भेटीच्या तात्पुरत्या साठ्यात) त्या ठशासोबत ठेवतं. पुढच्या वेळी ठसा तोच असेल तर तुमचं ‘कॅल्क्युलेट_शिपिंग’ बोलावलंच जात नाही. झोनच्या सेटिंगमध्ये दर बदललात तर वूकॉमर्स जुने ठसे आपण होऊन रद्द करतं. फाइलमधला कोड बदललात तर त्याला पत्ताच नसतो. मग तुम्ही कोड बदलता, पान ताजं करता, जुनाच दर दिसतो, पुन्हा कोड बदलता. शेवटी कंटाळून टोपलीत एक नग वाढवता, ठसा बदलतो, नवा दर येतो, आणि ‘शेवटच्या बदलाने चाललं’ असा समज होतो. तो बदल बहुधा निरर्थक असतो आणि कोडमध्ये कायमचा राहतो.

काम करताना वूकॉमर्स, सेटिंग्ज, शिपिंग इथल्या पर्यायांमध्ये डीबग मोड चालू करा. साठवलेले दर वापरणं बंद होतं. जुन्या पद्धतीच्या टोपलीच्या पानावर कोणता झोन जुळला तेही लिहून येतं, म्हणजे पिनकोडची परीक्षा फुकटात होते. काम झालं की बंद करायला विसरू नका. ती पाटी गिऱ्हाइकालाही दिसते.

याच कारणाने वाराप्रमाणे बदलणारा दर फसतो. समजा गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी सुटते आणि त्या दिवशी दर कमी ठेवायचा आहे. तुम्ही ‘कॅल्क्युलेट_शिपिंग’मध्ये वार तपासता. सोमवारी टोपली भरून ठेवलेल्याला मंगळवारी सोमवारचाच दर दिसतो, कारण माल तोच, पत्ता तोच, ठसा तोच. उपाय सोपा आहे: ‘वूकॉमर्स_कार्ट_शिपिंग_पॅकेजेस’ या फिल्टरमध्ये प्रत्येक पॅकेजाला एक जादा खण द्या आणि त्यात आजची तारीख घाला. तारीख बदलली की ठसा बदलतो. दर ज्या ज्या गोष्टीवर अवलंबून असेल ती पॅकेजात असलीच पाहिजे, हा नियम धरून चला.

तारीख घेताना पीएचपीचं साधं ‘डेट’ वापरू नका. वर्डप्रेसमध्ये ते यूटीसीची वेळ देतं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिवस चालू असतो. रात्री मागणी टाकणाऱ्यांचे दर चुकतात आणि सकाळी दुकान उघडून तपासलं की सगळं बरोबर! ‘डब्ल्यूपी_डेट’ वापरा आणि सामान्य सेटिंग्जमध्ये टाइमझोन कोलकाता ठेवा. मिरगाच्या तोंडावर आंब्याची विक्री तारखेने बंद करणारा कोड असेल तर त्यालाही हेच लागू.

डीबग मोड चालू असूनही जुनाच दर दिसत असेल तर मग होस्टिंगची कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी पानं. टोपली, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही तीन पानं पानांच्या कॅशेतून वगळलेली हवीत. काही होस्टिंगवर ऑपकॅशे (पीएचपी फाइलींचा साठवलेला अवतार) फाइल बदलली की नाही हे तपासतच नाही. तिथे पॅनेलमधून पीएचपी पुन्हा सुरू करावं लागतं.

दर येतो, पण ‘उतरवायचा थांबा’ ही खिडकी गेली

पेटी कुठल्या थांब्यावर उतरवायची हे विचारणारी जादा खिडकी तुम्ही चेकआउटवर जोडली असेल, तर नव्या साइटवर, किंवा जुनी साइट नव्या थीमवर नेल्यावर हे होतं. वूकॉमर्स ८.३ (नोव्हेंबर २०२३) पासून नव्या दुकानांना टोपली आणि चेकआउट ब्लॉकचं, म्हणजे वर्डप्रेसच्या ब्लॉक संपादकातलं, मिळतं. ब्लॉकच्या चेकआउटमध्ये ‘वूकॉमर्स_चेकआउट_फील्ड्स’ हा जुना फिल्टर आणि ‘वूकॉमर्स_चेकआउट_प्रोसेस’ हा तपासणीचा हुक चालत नाहीत. वाहतुकीचा दर मात्र दोन्हीकडे चालतो, म्हणून मॉड्यूल अर्धं जिवंत वाटतं आणि माणूस गोंधळतो.

वाटा दोन. चेकआउटच्या पानावरचा ब्लॉक काढून तिथे जुना शॉर्टकोड टाकणं, हे पाच मिनिटांचं काम आणि ऐन हंगामात हेच करा. दुसरी, ‘वूकॉमर्स_रजिस्टर_अॅडिशनल_चेकआउट_फील्ड’ हे फंक्शन ‘वूकॉमर्स_इनिट’वर बोलावून खिडकी नव्याने नोंदवणं. तिच्या आयडीत मॉड्यूलचं नाव, तिरकी रेघ आणि मग खिडकीचं नाव लागतं. तिरकी रेघ नसेल तर नोंद होत नाही. हे काम पावसाळ्यात, दुकान शांत असताना करा.

थांबा मागणीत साठतो, पण तुमच्या पेटीवरच्या चिठ्ठीत रिकामा येतो? वूकॉमर्स ८.२ (ऑक्टोबर २०२३) पासून नव्या दुकानांच्या मागण्या वर्डप्रेसच्या पोस्टच्या तक्त्यात न राहता स्वतंत्र तक्त्यांत जातात. ‘गेट_पोस्ट_मेटा’ने मागणीतली माहिती वाचणारा जुना कोड तिथे रिकामा हात परत आणतो. मागणीच्या ऑब्जेक्टला ‘गेट_मेटा’ विचारा. लिहायचं असेल तर ‘अपडेट_मेटा_डेटा’ आणि त्यानंतर ‘सेव्ह’. सेव्ह विसरलं तर काहीच साठत नाही आणि तक्रारही येत नाही. कोड असा बदलल्यावरच ‘बिफोर_वूकॉमर्स_इनिट’ या हुकावर नव्या तक्त्यांशी सुसंगततेची घोषणा करा. नुसती घोषणा करून वूकॉमर्सचा विसंगतीचा इशारा घालवणारे बरेच आहेत. इशारा जातो, चिठ्ठी रिकामीच राहते.

पद्धत काढून पुन्हा जोडली आणि बाकीचं तुटलं

झोनमध्ये जोडलेल्या प्रत्येक पद्धतीला एक क्रमांक मिळतो आणि दराची ओळख ‘आयडी, दोन टिंबं, क्रमांक’ अशी बनते. पद्धत काढून परत जोडलीत की नवा क्रमांक. कोडमध्ये जुना क्रमांक हाताने लिहिलेला असेल, किंवा कॅश ऑन डिलिव्हरी त्या एका पद्धतीपुरती ठेवलेली असेल, तर ते सगळं गप्प बंद पडतं. हंगाम संपल्यावर पद्धत काढू नका, झोनमधल्या बटणाने नुसती बंद करा. कोडमध्ये दोन टिंबांच्या आधीचा भागच तपासा.

एकाच पद्धतीतून दोन दर द्यायचे असतील, घरपोच आणि थांब्यावर, तर दोन्ही ‘अॅड_रेट’ना वेगळा आयडी द्या. ‘गेट_रेट_आयडी’ला शेपूट जोडता येतं. आयडी सारखाच राहिला तर दुसरा दर पहिल्याला पुसून टाकतो आणि चेकआउटवर एकच दिसतो.

दुकान उघडण्याआधीची तपासणी

खासगी खिडकीत, म्हणजे लॉगिन नसताना, डीबग मोड चालू ठेवून हे पिन एकेक टाका: ४००००१, ४२१२०१, ४१०२०६, ४११००१, ४१५६१२, ४१५११०, ४१६७०२, ४१६५०२, ४१६५१०, ४१५२०३. प्रत्येकासमोर अपेक्षित दर कागदावर आधी लिहून ठेवा, मग बघा. आधी बघून मग ‘हो, बरोबर वाटतंय’ म्हणणं ही तपासणी नव्हे. कराड, गडहिंग्लज आणि राजापूर हे तीन पिन सर्वांत जास्त चुका पकडतात. त्यानंतर ४००००१वरच टोपली बदलत जा: एक पेटी, सहा पेट्या, नुसती आगळ, पेटी आणि आगळ मिळून. नुसत्या आगळीला पेटीचा दर दिसला तर क्लासची तुलना चुकली आहे. पेटी-आगळीला दोन पर्याय दिसले तर ‘वूकॉमर्स_पॅकेज_रेट्स’चा फिल्टर लागलेला नाही.

एक खरी मागणी पूर्ण करून चिठ्ठी छापा, थांबा तिच्यावर आलाय का बघा, आणि मागणी रद्द करा. वूकॉमर्सची मोठी आवृत्ती आली की हेच पिन पुन्हा, आणि ती आवृत्ती एप्रिल-मेमध्ये आली तर सुरक्षिततेची दुरुस्ती नसल्यास जूनपर्यंत चढवू नका.